वेबमेल आणि डेस्कटॉप ईमेल प्रोग्रॅम : नेमका फरक काय?

समजा, तुम्ही बीड जिल्ह्यातल्या कड्याला राहता. परीक्षेचं हॉलतिकीट ईमेलवर आलंय आणि प्रिंट काढायला तुम्ही नेट कॅफेत गेलात. ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं, प्रिंट काढली, लॉगआउट केलं, निघालात. पण त्याच कॉम्प्युटरवर आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये तुमचं खातं जोडलं असतं, तर? तुमच्या मेलची प्रत त्या मशीनवर उतरली असती आणि तुम्ही घरी पोहोचल्यावरही तिथेच राहिली असती.

वेबमेल म्हणजे काय?

जीमेल, याहू मेल, रेडिफमेल ही वेबमेलची उदाहरणं. मेल कंपनीच्या सर्व्हरवर असतात, आपण ते ब्राउझरमधून फक्त बघतो. त्यामुळे कुठल्याही मशीनवरून लॉगिन करता येतं. मात्र साधारणपणे इंटरनेट लागतं.

डेस्कटॉप प्रोग्रॅम म्हणजे काय?

हे कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर. ते सर्व्हरवरून मेल आणून हार्ड डिस्कवर ठेवतं. नेट गेलं तरी उतरवलेले जुने मेल वाचता येतात आणि दोन-तीन खाती एकाच खिडकीत दिसतात.

भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा डायल-अपवर वेळेनुसार पैसे जायचे. म्हणून मेल पटकन उतरवायचे, कनेक्शन तोडायचं आणि मग निवांत वाचायचे, ही पद्धत सोयीची होती. 1996 मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल आणलं. पुढे मुंबईच्या रेडिफनेही मोफत मेल दिला, आणि स्वतःचा कॉम्प्युटर नसलेल्यांनाही ईमेल आयडी मिळाला.

पॉप आणि आयमॅप

डेस्कटॉप प्रोग्रॅम मेल दोन पद्धतींनी आणतो.

- पॉप : मेल कॉम्प्युटरवर उतरतात. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हे सेटिंग बंद असेल, तर ते सर्व्हरवरून निघून जातात. मग हार्ड डिस्क बिघडली आणि बॅकअप नसला, की मेलही गेले.
- आयमॅप : मूळ मेल सर्व्हरवरच राहतात. मोबाइल आणि कॉम्प्युटरवर सारखंच चित्र दिसतं. पण एका ठिकाणी डिलीट केलेला मेल सगळीकडून जातो.

मग निवडायचं काय?

कॉम्प्युटर स्वतःचा असेल आणि मेल भरपूर येत असतील, तर डेस्कटॉप प्रोग्रॅम आयमॅपवर वापरा. कॉम्प्युटर दुसऱ्याचा असेल, तर फक्त वेबमेल, तेही ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत. पासवर्ड सेव्ह करू नका. प्रिंटसाठी डाउनलोड केलेली पीडीएफ मात्र लॉगआउटनंतरही 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये राहते. ती डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही काढा.

लॉगआउट करायचं विसरलात? मोबाइलवर गूगल खात्याच्या 'सुरक्षा' विभागात जाऊन तुमच्या डिव्हाइसची यादी उघडा आणि तिथला कॉम्प्युटर साइन आउट करा. पण त्या मशीनवर आधीच उतरलेले मेल किंवा फाइली यामुळे पुसल्या जात नाहीत.