रिल्केचं घर आणि आपली पऱ्हाटी

जर्मनमध्ये एम.ए. करणारी वऱ्हाडातली मुलं हमखास एक प्रश्न विचारतात : "संशोधनाला पुण्या-मुंबईलाच जावं लागेल ना?" मार्गदर्शक आणि ग्रंथालय यासाठी बहुधा जावं लागेल. विषयासाठी मात्र नाही. तो कदाचित तुमच्या घराच्या भिंतीवरच टांगलेला असेल.

अकोल्याच्या मे महिन्यात ज्याच्याशिवाय जीव जातो त्या व्होल्टासच्या एसीबद्दल बोलतोय मी. हे नाव १९५४ मध्ये दोन नावं जोडून झालं. 'टास' टाटा सन्सचं आणि 'व्होल' व्होल्कार्ट ब्रदर्सचं. (जर्मन उच्चार 'फोलकार्ट', कारण तिथे 'व्ही'चा 'फ' होतो. जुने कागद शोधताना दोन्ही रूपं लक्षात ठेवा.) ही पेढी दोन स्विस भावांनी १८५१ मध्ये विंटरटूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी सुरू केली.

दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाचे भाव कडाडले आणि अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे धावू लागली. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, यावरून या कापसाची किंमत ओळखा. आपला कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्या त्याला नाक मुरडायच्या, पण युरोपातल्या इतर गिरण्या घ्यायच्या. फोलकार्टसारख्या पेढ्यांचं तिथेच फावलं. खामगावात त्यांची खरेदी आणि प्रेसिंग सुरू झालं.

आता साहित्याकडे येऊ. पुढे ही पेढी फोलकार्टांचे जावई थिओडोर राइनहार्ट आणि त्यांच्या मुलांकडे गेली. त्यातल्या गेओर्गने हेर्मान हेसेला हात दिला. वेर्नरने १९२१ मध्ये म्युझोट नावाचा एक छोटा जुना गढीवजा वाडा रिल्केसाठी भाड्याने घेतला आणि पुढच्या वर्षी विकतच घेतला. १९१२ पासून रखडलेल्या 'दुइनो विलापिका' रिल्केने तिथेच फेब्रुवारी १९२२ मध्ये पुऱ्या केल्या. बी.ए.ला आपण हे सगळं शिकतो, पण वेर्नर राइनहार्ट तिथे फक्त 'कलांचा आश्रयदाता' म्हणून भेटतो. पैसा कुठून आला हे कोणी विचारत नाही.

लगेच प्रबंधाचं शीर्षक लिहायला बसू नका! "रिल्केच्या विलापिका वऱ्हाडी कापसावर लिहिल्या गेल्या" हे वाक्य टाळ्या घेईल, पण तोंडी परीक्षेत एका मिनिटात कोसळेल. पेढीचा व्यापार कराचीपासून कोचीनपर्यंत पसरलेला होता. कापसाबरोबर कॉफी, मसालेही होते. कुठला रुपया कुठल्या गाठीतून आला हे वेगळं काढता येत नाही. सिद्ध करता येतं ते एवढंच की पेढी वऱ्हाडात कापूस घेत होती आणि तिच्या मालकांनी या लेखकांना पोसलं. या दोन विधानांच्या मधली जागा म्हणजे तुमचं संशोधन.

ती जागा कोरडी नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. लक्ष्मण सत्या यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' वाचा, कापूस आणि उपासमार यांचं नातं कळेल. दुसऱ्या हाताला क्रिस्टोफ देयुंग यांचं २०१३ चं जर्मन पुस्तक ठेवा. ते याच पेढीच्या व्यापारावर आहे. त्याचा इंग्रजी अवतारही निघालाय, पण जर्मन येत असताना आधी तो कशाला घेता? एक अर्थव्यवहाराचा इतिहास, एक व्यापारी पेढीचा. म्युझोटचा वाडा दोन्हींच्या केंद्रस्थानी नाही. जर्मन साहित्याच्या विद्यार्थ्याला शिरायला फट आहे ती इथे.

कवितांचा अर्थ याने बदलतो का? माझं मत, थेट नाही. विलापिकांमध्ये सरकी शोधू नका, हास्यास्पद होईल. हेसेचं बघा, तिथे दुवा सरळ आहे : त्याच्या १९३२ च्या 'मोर्गेनलांडफार्ट' या कथेतला 'काळा राजा' गेओर्ग राइनहार्टवर बेतलेला आहे. 'पूर्वेची यात्रा' सांगणाऱ्या पुस्तकात पूर्वेशी व्यापार करणारा मालक राजा होऊन येतो, आणि शेतकरी?

तयारीचं सांगतो. बी-टू पातळीच्या जर्मनवर भागणार नाही. त्या काळातली हस्ताक्षरं बरीचशी 'कुरेंट' वळणाची असतात. छापील गोएथे घडाघडा वाचणारा माणूसही पहिल्या ओळीला अडखळतो. दोनेक महिने रोज अर्धा तास गिरवलं की डोळा बसतो. आणि या बाजूचे कागद, आडत्यांच्या वह्या, कुळांचे हिशेब पाहायचे तर मोडी लागेल. दोन्ही लिप्या येणारा माणूस विंटरटूरमध्ये सहसा मिळणार नाही. अमरावतीत एखाद्याच्या आजोबांच्या पेटीत जुनी वही असेल, तर आधी तिचे फोटो काढून ठेवा. वाळवी तुमच्या नोंदणीची वाट पाहत नाही.