जैतूनच्या रानातली रेल्वे

स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसियात एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर आज लोक पळतात. हाएनपासून पुएन्ते खेनिलपर्यंतची ही वाट सुमारे 128 किलोमीटरची. तिचं नाव ‘व्हिया व्हेर्दे देल आसेइते’, म्हणजे तेलाचा हिरवा मार्ग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकलेल्या या मार्गावरून ऑलिव्हचं तेल बाहेर जाई. 1985 मध्ये रेल्वे बंद झाली. 1993 पासून स्पेनने अशा बेवारस मार्गांचे रस्ते चालणाऱ्या, पळणाऱ्या आणि सायकलस्वारांसाठी करायला सुरुवात केली.

मुलूख डोंगराळ आहे, तरी पळणाऱ्याचा दम तुटत नाही. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नसे, म्हणून अभियंत्यांनी टेकड्यांना वळसे घातले, बोगदे खोदले, दऱ्यांवर लोखंडी पूल टाकले. ग्वादाखोस नदीवरचा पूल तर 200 मीटरच्या आसपास लांब आहे. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ऑलिव्हची झाडं.

या वाटेवरचे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ‘आसेइते’ म्हणजे अरबी ‘अज़-ज़ैत’. फळ ‘आसेइतुना’, म्हणजे आपलं जैतून, ज्याच्या शपथेनं कुरआनातली सूरह अत-तीन सुरू होते. तेलाच्या घाण्याला स्पॅनिशमध्ये ‘अल्माथारा’ म्हणतात, तेही अरबीच. ग्वादाखोसमधला ‘ग्वाद’ म्हणजे ‘वादी’. आणि हाएन म्हणजे जय्यान. अरबी व्याकरण हजारेक ओळींच्या पद्यात बांधणारे ‘अल्फिया’चे कर्ते इब्न मालिक इथलेच. 1274 मध्ये ते दमास्कसला वारले. त्याआधीच, 1246 मध्ये, जय्यान तिसऱ्या फर्नांडोच्या ताब्यात गेलं होतं आणि मुस्लिम रहिवाशांना शहर सोडावं लागलं होतं.

इथवर आलं की आपल्याकडच्या लेखांमध्ये एक ठरावीक उसासा येतो: हे सगळं अरबांनी लावलं, आपण गमावलं. ते तितकंसं खरं नाही. अरब येण्यापूर्वी कित्येक शतकं रोमन लोक याच प्रदेशातून तेल नेत होते. रोममध्ये तेलाच्या फुटक्या रांजणांची एक आख्खी टेकडी आहे, त्यातले बहुतेक रांजण इथले. आज दिसणारं अफाट ऑलिव्हरान तर बव्हंशी गेल्या दोन शतकांतलं, म्हणजे या रेल्वेच्याच काळातलं. अरबांनी दिलं ते लागवडीचं आणि पाण्याचं ज्ञान, आणि भाषा. तेवढं पुष्कळ आहे, वाढवून सांगायची गरज नाही.

वाट पुढे काब्राला येते. अरबीत कब्रा. ‘मुवश्शह’ हा काव्यप्रकार रचणारा पहिला कवी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो मुकद्दम इब्न मुआफा इथला. मुवश्शहचा शेवट अनेकदा गावच्या बोलीत, म्हणजे बोली अरबीत किंवा तिथल्या रोमान्स भाषेत होई. दरबारी अरबीला गल्लीतली भाषा चिकटवायची हे धाडसच होतं. दखनीचा इतिहास ठाऊक असलेल्याला ते लगेच पटेल.

काब्राहून लुसेना सकाळच्या एका धावेत गाठता येतं. अल-युस्साना हे तेव्हा ज्यूंचं गाव. त्यांचे मोठे धर्मपंडित इथं शिकवत. मुस्लिम राजवटीत ज्यूंचं विद्यापीठ, हे आपण अभिमानानं सांगतो. 1195 मध्ये मुवाह्हिद खलिफा याकूब अल-मन्सूरने इब्न रुश्द यांना याच गावात हद्दपार केलं. कुर्तुब्याचा काजी आणि त्या काळातला अ‍ॅरिस्टॉटलचा सर्वात मोठा भाष्यकार यांना ज्यूंच्या गावी पाठवण्यात अपमान करण्याचाच हेतू होता. त्यांची तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली गेली. जाळण्याचा हुकूम फर्नांडोचा नव्हता, एका मुसलमान खलिफाचा होता, आणि त्यावर खूश होणारे आलिमही होते. अंदलुस म्हटलं की आपल्याला 1492 आठवतं, 1195 आठवत नाही.

पुढे खलिफाचा राग निवळला आणि इब्न रुश्द यांना परत बोलावलं गेलं. 1198 मध्ये ते मराकेशला वारले. नंतर त्यांचं पार्थिव कुर्तुब्याला आणलं तेव्हा तरुण इब्न अरबी हजर होते. त्यांनी लिहून ठेवलंय की जनावराच्या एका बाजूला पार्थिव होतं आणि तोल राखायला दुसऱ्या बाजूला इब्न रुश्द यांची पुस्तकं.