स्तनकर्करोग तपासणी (पालघर, बोईसर-तारापूर)

कोणतीही तक्रार नसताना, ठरावीक वयानंतर नियमाने करून घ्यायची स्तनांची तपासणी. भारतीय स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनकर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मात्र ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम ०.९ टक्के जणींनी ही तपासणी कधी करून घेतलेली आढळली.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती दाखवली जात नाही, आणि लाजेपोटी घरातही सांगितली जात नाही. स्तनाच्या आकारात फरक, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, काखेत गाठ हीही लक्षणे आहेत. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचे तपासणीने, अंदाजाने नव्हे.

पालघर जिल्ह्यात तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर राबणारी कामगार, सातपाटीहून मासळी घेऊन बाजारात बसणारी कोळीण आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरची वारली बाई, तिघींनाही तपासणीचा दिवस म्हणजे खाडा. त्यामुळे माहिती पोहोचली तरी पाऊल उचलले जाईलच असे नाही. मुंबईचे कर्करोगावरचे टाटा स्मारक रुग्णालय बोईसरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. 

याच रुग्णालयाचा मोठा अभ्यास या जिल्ह्यासाठी मोलाचा आहे. १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर तो झाला. त्यांतल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, यंत्र नव्हते. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) करणारे यंत्र गावात नाही म्हणून काहीच करता येत नाही, ही समजूत या अभ्यासाने खोटी ठरवली. नुसत्या स्वतपासणीवर विसंबणेही पुरेसे नाही: शांघायमध्ये २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत स्वतपासणी शिकवून मृत्यू कमी झाले नव्हते.

केंद्र सरकारच्या २०१६च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी हाताने तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरतात, त्यात स्तनातली गाठ, बोंडातून रक्त आणि आकारातला बदल यांविषयी थेट प्रश्न असतात. पुष्कळदा ते घरच्यांसमोर विचारले जातात आणि उत्तर 'नाही' असे येते. हे प्रश्न एकांतात विचारावेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने, काही त्रास नसला तरी, जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी मागून घ्यावी.