आसन्न म्हणजे अंदाज नव्हे

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवतो. ‘न्यूमरिकल इंटिग्रेशन’चा धडा आला की वर्ग सैलावतो. ट्रॅपेझॉइडल, सिम्पसन १/३, सिम्पसन ३/८ ही तीन सूत्रे पाठ केली, कॅल्क्युलेटर हाती धरला, की मार्क खिशात. ‘सर, इंटिग्रेशन जमत नसेल तेव्हाच हे करायचे ना?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. त्यामागचे मत एकट्या मुलांचे नाही. शिकवणाऱ्यांपैकीही पुष्कळांचे ते असते.

पूर्वपक्ष नीट मांडू. खरे गणित ते, ज्यात सूत्राने नेमके उत्तर येते. क्षेत्राच्या पट्ट्या पाडून बेरीज करणे ही सूत्र हाती नसतानाची तडजोड. आणि पट्ट्या कितीही बारीक केल्या तरी बेरीज म्हणजे सिद्धता नव्हे.

यातले शेवटचे विधान मला मान्य आहे. त्याकडे नंतर येतो. आधीची दोन टिकत नाहीत.

१/(१+क्ष) या वक्राखालचे ० ते १ मधले क्षेत्र घ्या. ‘नेमके’ उत्तर लॉग २ (अर्थात नैसर्गिक लॉग). फळ्यावर ते लिहिणाऱ्या मुलाला मी विचारतो, म्हणजे किती? तो निमूट कॅल्क्युलेटर काढतो. लॉग २ हे त्या क्षेत्राचे नाव झाले, किंमत नव्हे. आणि कॅल्क्युलेटर जो आकडा दाखवतो तोही शेवटी मोजक्या पायऱ्यांच्या आकडेमोडीतूनच आलेला असतो. आता दोनच पट्ट्या पाडू. समलंब (ट्रॅपेझॉइडल) नियमाने ०.७०८३ येतात. हा वक्र खाली झोळ घेतलेला असल्याने जीवा त्याच्या वरून जाते, म्हणून हे उत्तर जास्तच असणार. प्रत्येक पट्टीच्या मध्यावरची उंची घेतली तर ०.६८५७ येतात, आणि त्याच कारणाने हे कमीच असणार. खरी किंमत दोहोंच्या मध्ये कोंडली गेली. चार पट्ट्यांवर सिम्पसनचा नियम ०.६९३२५ देतो, आणि चूक ०.०००५३च्या पुढे जाणार नाही अशी हमी त्या नियमाचे प्रमेय देते. प्रत्यक्षात ती ०.०००११ इतकीच आहे. अंदाज करणारा अशी हमी देत नाही. आर्यभटांनी परिघ-व्यासाचे गुणोत्तर ६२८३२/२०००० असे देताना त्याला ‘आसन्न’ म्हटले, म्हणजे अगदी जवळ बसलेले. किती जवळ, हे सांगता आले की ते शास्त्र होते.

शिवाय सूत्र नेहमी असतेच असे नाही. संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्राचे इंटिग्रल आपल्या ओळखीच्या फलनांत लिहिताच येत नाही, हे सिद्ध झालेले आहे. भाईंदरच्या खाडीचा छेद काढायचा तर ठरावीक अंतरावर मोजलेली खोली एवढेच हाती असते. तळाला समीकरण नसते.

पण माझा मुख्य साक्षीदार बराच जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. या ग्रंथातल्या गोलाध्यायावरच्या आपल्याच भाष्यात त्यांनी गोलाच्या पृष्ठफळाचा प्रश्न घेतला आहे. आवळ्यावर जशा उभ्या रेघा असतात तशा गोलावर कल्पून त्यांनी पृष्ठभागाच्या ९६ फाका केल्या. परिघ ९६ धरला, त्यामुळे प्रत्येक फाक मध्यावर एक एकक रुंद. मग टोकापासून मध्यापर्यंत तिचे आडवे २४ तुकडे केले. त्यांची रुंदी ज्यांच्या, म्हणजे आजच्या साइनच्या, कोष्टकाने ठरते. नियम असा : सर्व ज्यांच्या बेरजेतून अर्धी त्रिज्या वजा करा, उरेल त्याला अर्ध्या त्रिज्येने भागा.

ही अर्धी त्रिज्या का वजा करायची? कारण प्रत्येक तुकडा समलंब चौकोन आहे. मधली प्रत्येक रुंदी दोन तुकड्यांत अर्धी-अर्धी मोजली जाऊन पूर्ण होते. शेवटची मात्र एकदाच, अर्धी. आमच्या वर्गात पाठ होणारा ट्रॅपेझॉइडल नियम तो हाच. कोष्टकातली त्रिज्या ३४३८, ज्यांची बेरीज ५४२३३. १७१९ वजा केले, उरले ५२५१४. भागाकार ३०.५४९, म्हणजे ३० पूर्ण आणि ३३ साठांश. ९६ परिघाच्या वर्तुळाचा व्यासही ३० पूर्ण ३३ साठांश. म्हणून एका फाकेचे क्षेत्र व्यासाइतके, आणि साऱ्या गोलाचे परिघ गुणिले व्यास.

आता पूर्वपक्षाचे तिसरे विधान. ३३ साठांश जुळले म्हणून समानता सिद्ध होत नाही, हे खरेच. सूक्ष्म पाहिले तर व्यास ३०.५५८ आहे, फाक थोडी कमी भरते. म्हणूनच भास्कराचार्यांनी इंटिग्रेशनचा शोध लावला असे छाती फुगवून सांगणेही मला पटत नाही. तुकडे अनंत सूक्ष्म करण्याचा युक्तिवाद पुढे केरळच्या ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषे’त आला. पण २४ ऐवजी ४८ तुकडे केले की समलंब नियमाची चूक सुमारे चौपटीने घटते. ही घट कशी होते हे नीट पाहणे हाच सिद्धतेचा रस्ता. बेरीज आणि सिद्धता यांच्यात वैर नाही.

राहिला मुलांचा प्रश्न : इंटिग्रेशन जमत नसेल तेव्हाच हे करायचे का? भास्कराचार्यांनी हा खटाटोप कशासाठी केला, ते पाहा. त्यांच्या आधीचे गणिती लल्ल यांचा गोलाच्या पृष्ठफळाचा नियम होता : वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परिघ. सुटसुटीत, सूत्रबद्ध, लक्षात राहणारा. ९६ परिघाच्या गोलाला तो सुमारे ७०,४०० देतो. फाकांची बेरीज सांगते २,९३३. तब्बल चोवीसपटीचा फरक! म्हणून माझे उत्तर असे : इंटिग्रेशन जमले तरी पट्ट्या पाडून पाहा. लल्लांकडेही सूत्र होतेच.