दुकानाचें कुलूप आणि मालकाची विश्रांति



प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या संगमनेरांत उद्योगाची उणीव नाहीं. विडी, तंबाखू, किराणा, कापड यांच्या व्यापारानें पेठ गजबजलेली असते. नोकराच्या सुटीचा इतिहास आपण पुष्कळदां ऐकतों. मालकाच्या सुटीलाहि इतिहास आहे, आणि आजच्या दुकानदारास तो उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा विषय घेतला आहे.

पूर्वीं विश्रांतीचा दिवस एकट्याच्या मर्जीवर सोडलेला नसे. अनेक गांवांत सोमवारीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नसत. गवंडी, सुतार अमावास्या पाळीत. खंडेनवमीस हत्यारें पूजेस लावीत. यांत धर्मभावना होती, पण तिच्या पोटीं व्यवहारहि होता. सगळेच थांबत, म्हणून थांबणाऱ्याचें नुकसान होत नसे.

गिरण्या आल्या आणि ही घडी मोडली. यंत्राला अमावास्या नाहीं. मुंबईच्या गिरणीकामगारांस ठराविक साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं सभा घेऊन मागणी मांडली. २४ एप्रिल १८९० रोजीं भरलेल्या सभेस सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सुटी साऱ्या संघानें मिळून दिली. एका गिरणीनें थांबावें आणि शेजारच्या गिरणीचें धुराडें चालूं राहावें, असें झालें असतें तर तो निर्णय टिकणें कठीण होतें.

दुकानांची पाळी पुढें आली. मुंबई प्रांतानें १९३९ सालीं व पुन्हा १९४८ सालीं दुकानें व आस्थापना यांविषयीं कायदे केले. १९४८ च्या कायद्यांत ‘नोकर’ या शब्दाची व्याख्या देतांना मालकाचे कुटुंबीय वगळले आहेत. म्हणजे गल्ल्यावर दिवसभर बसणारा मालक, त्याची पत्नी व मुलें यांच्या श्रमाचे तास कोणी मोजीत नव्हतें. तथापि त्याच कायद्यानें दुकान आठवड्यांतून एक दिवस बंद ठेवावयास लाविलें, आणि उघडण्यामिटण्याच्या वेळाहि बांधून दिल्या. नोकरासाठीं लाविलेल्या कुलपानें मालकहि घरीं गेला!

२०१७ सालीं महाराष्ट्रानें नवा कायदा केला. त्यानें नोकराची साप्ताहिक सुटी राखिली, पण दुकान सातहि दिवस उघडें ठेवण्याची मुभा दिली. ग्राहकाची सोय झाली. मालकाचें कुलूप मात्र गेलें. त्यांत खिशांतला मोबाईल रात्रीं अकरा वाजतांहि मागणी नोंदवितो. कामाच्या अशा अखंड ताणानें येणाऱ्या थकव्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगवर्गीकरणांत केली आहे. त्यास तिनें रोग म्हटलेलें नाहीं. कामांतून उद्भवणारी अवस्था म्हटलें आहे. अर्थात् त्यावरील उपायहि कामाच्या रचनेंतच शोधावयास हवा.

“मी बंद ठेवलें तर गिऱ्हाईक शेजारीं जाईल,” असें दुकानदार म्हणतो. त्याचें भय खोटें नाहीं. म्हणूनच ही मर्यादा एकट्यानें घालण्यासारखी नाहीं. अनेक शहरांतील केशकर्तनालयें सोमवारीं बंद असतात, आणि गिऱ्हाईक तक्रार न करतां मंगळवारीं येतें. तद्वत् एका धंद्याच्या दुकानदारांनीं एकत्र बसून वार ठरवावा, फोन घेण्याची शेवटची वेळ ठरवावी, व दोन्ही पाटीवर ठळक लिहावीं. औषधांसारखीं जीं दुकानें बंद ठेवतां येत नाहींत, त्यांनीं पाळी लावून घ्यावी.

कायद्यानें काढून घेतलेलें कुलूप परत लावण्यास कोणाची मनाई नाहीं. तें पेठेनें मिळून लाविलें, म्हणजे कोणाचेंच गिऱ्हाईक तुटणार नाहीं.