दुतोंड्या मारुती
दुतोंड्या मारुती ही नाशिकमधील पंचवटी येथे रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात असलेली मूर्ती आहे. दोन्ही दिशांना मुखे असल्याने हे नाव पडले. नाशिककर पुराची पातळी तिच्यावरून सांगतात : पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला लागले. त्यापुढची खूण म्हणजे जवळच्या नारोशंकर मंदिराची (१७४७) घंटा. तिथवर पाणी चढणे म्हणजे महापूर. वसईच्या विजयाचे (१७३९) स्मारक म्हणूनही ही घंटा ओळखली जाते.

गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये मोजला जातो आणि नदीची इशारा व धोका पातळी ठरलेली असते. मात्र धरणाच्या विसर्गात खालच्या भागातील पावसाचे व नाल्यांचे पाणी धरलेले नसते. मूर्तीला लागलेल्या पाण्यात ते सारेच आलेले असते.