पीतबिंदू अपकर्ष, वार्धक्यजन्य : संशोधनाचा इतिहास
जालपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूचा उतारवयात क्रमाने ऱ्हास होऊन वाचनासाठी व चेहरे ओळखण्यासाठी लागणारी मध्यवर्ती दृष्टी मंदावणारा विकार. स्विस नेत्रवैद्य ओटो हाब यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ तो वार्धक्याचा अटळ परिणाम मानला गेला.

पीतबिंदूचे पोषण मुख्यत्वे जालपटलामागील मध्यपटलाच्या केशवाहिन्यांतून होते. त्यामुळे कारणाचा शोध रक्ताभिसरणाकडे वळला. १९६१ मध्ये हॅरल्ड नोव्हॉटनी व डेव्हिड आल्व्हिस यांनी फ्ल्युओरेसीन हे रंजकद्रव्य शिरेत टोचून जालपटलातील अभिसरणाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. १९९८ मध्ये लेसर डॉप्लर तंत्राने रुग्णांच्या मध्यपटलातील रक्तप्रवाह घटलेला आढळला. मात्र ही घट विकाराचे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरले नाही.

२००५ मध्ये शोधाला आनुवंशिकीची जोड मिळाली. रक्तातील पूरक प्रणाली जंतूंचा नाश करते. तिला आवर घालणाऱ्या ‘एच घटक’ या प्रथिनाच्या जनुकातील एका भेदाचा या विकाराशी निकट संबंध दिसून आला. या भेदामुळे प्रथिनाच्या ४०२ व्या स्थानी टायरोसिनाऐवजी हिस्टिडीन येते. २०१६ पर्यंत अशी ३४ जनुकस्थाने निश्चित झाली. पूरक प्रणालीमुळे होणाऱ्या हानीच्या खुणा मध्यपटलाच्या केशवाहिन्यांभोवतीही आढळल्याने रक्ताभिसरण व आनुवंशिकता या दोन्ही विचारधारा परस्परांच्या जवळ आल्या. तथापि आनुवंशिक जोखीम म्हणजे अटळ अंधत्व नव्हे. धूम्रपानाने ही जोखीम वाढते व ते टाळणे व्यक्तीच्या हाती असते.